लंच व्हिसलचा स्टॅन

स्टॅन आमच्या घरी आला की आधी गॅरेजच्या दारात खाली बसायचा आणि बुटांच्या नाड्या सोडायला घ्यायचा. नडगीपर्यंत येणारे, काळपट लाल रंगाचे, टोकात लोखंड घातलेले ते कामगारांचे बूट. नाड्या लांबलचक. त्या सोडून होईपर्यंत आमची गिटारं जुळवून व्हायची. त्याला कोणी बूट काढायला सांगितलं नव्हतं. पहिल्या दिवशी त्याने आमच्या दाराशी चपलांची रांग पाहिली, आणि तेव्हापासून हा नेम सुरू झाला. आई आतून म्हणायची, "असू दे रे, तू तसाच ये." स्टॅन मान वर न करता म्हणायचा, "नो, मॅम. हे कारखान्यात जातात. कारखाना घरात आणायचा नसतो."

मग खिशातून फडकं काढून तो बूट पुसायचा. इतके, की त्यात गॅरेजचा दिवा दिसावा. "बूट चकाकत असले की माणूस उपाशी आहे हे कुणाला कळत नाही, मिल," असं तो मला सांगायचा. माझं नाव मिलिंद. शाळेत सगळे मला मिल म्हणत आणि मला ते मुळीच आवडायचं नाही. स्टॅनला मात्र ऐकताक्षणीच आवडलं. "मिल म्हणजे कारखाना! अरे, ओई बँडमध्ये वाजवायला याच्याहून चांगलं नाव कुणाला मिळणार आहे?"

ही न्यू जर्सीतली १९८४ सालची गोष्ट. आम्ही सोलापूरहून इकडे आलो तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. बाबा एका केमिकल कंपनीत इंजिनिअर होते. मी नुकताच कॉलेजात जाऊ लागलो होतो आणि एका रेकॉर्डच्या दुकानाच्या दारावर मला हाताने लिहिलेला एक कागद दिसला होता: 'बेस गिटार वाजवणारा हवा. वाजवता येत नसलं तरी हरकत नाही.' मला वाजवता येत नव्हतं. म्हणून तर मी फोन केला. माझं पूर्ण नाव ऐकून स्टॅन क्षणभर थांबला. आता काहीतरी बोलणार, अशी मी तयारी केली. तो म्हणाला, "तुमच्याकडे गॅरेज आहे का?"

ओई ही लंडनच्या गरीब वस्तीतली हाक, आपण 'ए!' म्हणतो तशी. त्या हाकेवरून या गाण्यांना नाव पडलं. तीन सूर, जोरात ढोल, आणि प्रत्येक कडव्याच्या शेवटी सगळ्या हॉलने मिळून ओरडायची एक ओळ. गाणारे आणि ऐकणारे डोकी तासायचे, खांद्यावरून पट्टे लावलेल्या पँटी घालायचे. कारखान्यात असतो तो वेश. स्टॅनला या सगळ्याचा इतिहास तोंडपाठ होता आणि त्याबद्दल त्याला फार अभिमान होता. "पहिले स्किनहेड कुणाच्या रेकॉर्डवर नाचायचे, माहितेय? जमैकाहून आलेल्या काळ्या लोकांच्या. शेजारी राहायचे, एकाच पाळीला जायचे, एकत्र नाचायचे. ज्याला हे ठाऊक नाही, तो नुसता टकला."

स्वतः स्टॅन पोलिश कामगाराचा मुलगा. गावात टाइल्सचा मोठा कारखाना होता, तिथे त्याचे वडील भट्टीवर आणि तो माल भरायला. उंच, हाडकुळा, कान बाहेर आलेले. आवाज म्हणाल तर घोगरा आणि बेसूर. तो गिटार वाजवायचा आणि गायचा, मी बेस, आणि ढोलांवर हेक्टर नावाचा प्युर्टो रिकन मुलगा, जो सकाळी बेकरीत काम करायचा आणि ज्याच्या केसांत, म्हणजे डोक्यावर, कायम पीठ असायचं. स्टॅनचा नियम एकच होता: "सूर चुकला तर चालेल. शब्द चुकला तर मार खाशील."

एका शनिवारी मीही डोकं तासायचं ठरवलं. गॅरेजमध्ये खुर्ची टाकून स्टॅनने मशीन फिरवलं. निम्मं डोकं झालं होतं तेवढ्यात आई थालीपिठांचं ताट घेऊन आली. तिने माझ्याकडे पाहिलं, खाली पडलेल्या केसांकडे पाहिलं आणि ताट घेऊन पायरीवरच बसली. "अगंबाई! कोण गेलं?"

संध्याकाळी बाबा घरी आले. बॅग ठेवली, चष्मा पुसला, माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "मिलिंद, मी आहे अजून."

ते काय म्हणाले म्हणून स्टॅनने मला विचारलं. आमच्यात बाप गेल्यावर मुलगा डोकं भादरतो, असं मी सांगितलं. स्टॅनचा चेहरा पांढराफटक पडला. तो तसाच मोजे घातलेल्या पायांनी बाबांपुढे जाऊन उभा राहिला. "सर, मला माहीत नव्हतं. मी पुन्हा चिकटवू शकत नाही, पण माझी चूक आहे." बाबांना हसू आवरेना. त्यांनी त्याला बसवलं, कुठे काम करतोस विचारलं. टाइल्सचा कारखाना म्हटल्यावर बाबांनी पुढचा प्रश्न केला, "तुमच्याकडे भोंगा वाजतो का?" आणि मग मला कधीही न सांगितलेल्या गोष्टी ते त्या अनोळखी पोराला सांगू लागले. आजोबा सोलापूरला गिरणीत मागावर होते. आजी गरम भाकरी डब्यात भरून ठेवायची आणि दुपारचा भोंगा सुरू झाला की बाबा डबा घेऊन फाटकाकडे पळत सुटायचे. "भोंगा थांबायच्या आत पोचायचं. थांबला की फाटक बंद." स्टॅन तोंड उघडं टाकून ऐकत होता. जाताना म्हणाला, "मिल, बँडला नाव मिळालं." आमचा बँड त्या दिवसापासून 'लंच व्हिसल' झाला.

आईला तो आधी आमच्या आडनावाच्या पहिल्या अक्षरावरून 'मिसेस जे' म्हणायचा. तिने त्याला 'काकू' म्हणायला शिकवलं. त्याच्या तोंडून ते 'कूकू' असं यायचं आणि आई दर वेळी 'ओ' द्यायची.

दोन वर्षं आम्ही रविवारी दुपारी वाजवायचो. कधी युनियनच्या हॉलमध्ये, कधी चर्चच्या तळघरात. शंभरेक पोरं यायची. मी शाळेत जेवणाच्या सुट्टीत एकटा बसणारा मुलगा होतो. ज्या गोष्टींवरून मला नावं ठेवली जात, त्या सगळ्या सांगत बसत नाही. पण त्या हॉलमध्ये घामाने निथळणारी, मला आयुष्यात कधी न भेटलेली माणसं माझ्या गळ्यात हात टाकून एकच ओळ ओरडत, तेव्हा मी कुठून आलो हे मी स्वतःच विसरून जायचो. स्टॅन म्हणायचा, "एकटा माणूस बोलला तर तक्रार असते. सगळे बोलले की गाणं होतं."

मग पांढऱ्या नाड्यावाले यायला लागले. आमच्यासारखीच डोकी, आमच्यासारखेच बूट, फक्त नाड्या पांढऱ्या. अमेरिका फक्त गोऱ्यांची, असं मानणाऱ्यांचा तो बिल्ला होता. पहिल्यांदा दोघेतिघे मागे उभे राहिले. पुढच्या वेळी दहाबारा होते, आणि गाण्याच्या मध्येच त्यांनी नाझींसारखे हात ताठ वर केले. स्टॅनने वाजवणं थांबवलं. हेक्टरचा ढोल एक ठोका पुढे गेला आणि थांबला.

"माझ्या डावीकडे मिल आहे," स्टॅन माइकमध्ये म्हणाला, "आणि मागे हेक्टर. ज्याला यांच्याबरोबर गायचं नाही, त्याने माझ्याबरोबर गायचं नाही. हात खाली घ्या. नाहीतर मी खाली येतो."

हात खाली आले नाहीत. स्टॅनने गिटार माझ्याकडे दिली आणि तो खाली गेला. त्या दिवशी हॉलमधली बाकीची पोरं त्याच्या बाजूने उठली, म्हणून निभावलं. घरी आईने त्याच्या फुटलेल्या भुवईवर बर्फ धरला. तो म्हणत होता, "कूकू, तुमच्या मुलाला ओरखडासुद्धा नाही. तपासून घ्या." गाडीत मात्र तो मला म्हणाला होता, "आज गेले. पुढच्या वेळी जास्त येतील. त्यांना दुसरं काही कामच नाही, मिल. आणि आता मलाही राहणार नाही."

कारखाना बंद होत होता. मालकांनी यंत्रं दुसरीकडे कुठेतरी, जिथे मजुरी स्वस्त होती तिथे हलवली. कामगारांना शेवटच्या दिवशी एकेक टाइल आठवण म्हणून दिली. स्टॅनचे वडील दुसऱ्या दिवशीही पहाटे उठले, डबा घेतला, बंद फाटकापर्यंत गेले आणि तिथेच उभे राहिले. स्टॅन त्यांना आणायला गेला. त्याच आठवड्यात आमच्या गॅरेजमध्ये बसून त्याने ते गाणं लिहिलं. मराठीत सांगायचं तर असं काहीसं:

भट्टी तुमची, धूर आमचा,
पैसा तुमचा, खोकला आमचा,
यंत्रं घ्या आणि चालते व्हा,
गाव आमचं! गाव आमचं!

युनियनच्या हॉलमध्ये आम्ही ते पहिल्यांदा वाजवलं तेव्हा मागे खुर्च्या आवरणारी म्हातारी माणसंसुद्धा मुठी वर करून गात होती. असं गाणं आमच्याकडून पुन्हा झालं नाही. ते सगळीकडे पसरलं. आणि काही महिन्यांतच मला दिसलं की पांढऱ्या नाड्यावालेही ते गातात. पहिल्या तीन ओळी त्यांना येत नव्हत्या. शेवटची येत होती. ती ओरडताना ते माझ्याकडे आणि हेक्टरकडे बघायचे.

स्टॅनने शब्द बदलून पाहिले. 'गाव सगळ्यांचं' असं गायला लागला. पण हॉल जुनेच शब्द ओरडायचा आणि त्याचा आवाज त्यात बुडून जायचा. "माझ्या तोंडून माझं गाणं काढून घेतलं यांनी," तो म्हणाला. त्यानंतर आम्ही ते वाजवणंच सोडलं. आम्ही सोडलं तरी फरक पडला नाही, त्यांनी ते ठेवून घेतलं होतं. हळूहळू हॉलवाले नाही म्हणू लागले. वर्तमानपत्रांत तासलेल्या डोक्यांचे फोटो येत होते, त्यात कोण कुठला हे कोण बघणार? मी स्वतः एकदा आयसेलिनला ओक ट्री रोडवर आईसाठी डाळ आणायला गेलो. तेव्हा तिथे आपली मोजकीच दुकानं होती. गल्ल्यावरच्या बाई माझं डोकं आणि बूट पाहून मागे सरकल्या आणि त्यांनी आतल्या मुलीला दार लावून घ्यायला सांगितलं. मी मराठीत बोललो तरी त्यांचा हात टेलिफोनवरच होता. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्या वर्षी जवळच्या गावांत आपल्या लोकांना रस्त्यात गाठून मारत होते.

नोव्हेंबरात बाबांना मारलं. ट्रेनमधून उतरून ते पार्किंगमध्ये गाडीकडे चालले होते. चारपाच जण होते. बरगड्या मोडल्या, डाव्या डोळ्याच्या वरचं हाड फुटलं. मी हॉस्पिटलमध्ये पोचलो तेव्हा आई पलंगाच्या कडेला बसून त्यांचा मोडका चष्मा पदराने पुसत होती, पुसतच होती. बाबांनी मला खूण करून जवळ बोलावलं.

"गात होते रे ते," बाबा म्हणाले. ओठ सुजले होते, शब्द नीट येत नव्हते. "मारताना गात होते. तुमचंच गाणं. गॅरेजमधलं."

आई म्हणाली, "त्या पोराला हे सांगायचं नाही. शपथ आहे तुला."

दुसऱ्या दिवशी दुपारी स्टॅन आला. दाराशी उभा राहिला. बाबांनी डोळा उघडला, ते डोकं पाहिलं आणि झटकन हात चेहऱ्यापुढे धरला. "बाबा, स्टॅन आहे," मी म्हणालो. "हो हो," बाबा घाईघाईने म्हणाले, "ये. बस." हे दोन मराठी शब्द स्टॅनला कळायचे. तो बसला. पण बाबांचा हात खाली यायला वेळ लागला, आणि तेवढा वेळ स्टॅन त्या हाताकडे बघत होता.

"सर, तुम्हाला काही आठवतं? चेहरा, आवाज, काहीही?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "नाही," ते म्हणाले. "काहीच नाही आठवत."

स्टॅनने त्यानंतर डोक्याला मशीन लावलं नाही. आठवड्याभराने तो माझ्या कॉलेजच्या बाहेर उभा होता. पांढऱ्या नाड्यावाल्यांपैकी एकजण एका बारमध्ये फुशारक्या मारत होता, ते त्याने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. म्हाताऱ्या हिंदूला कसं मारलं, काय गाऊन मारलं, सगळं.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"तुझ्या वडिलांना?"

"हो."

स्टॅन फुटपाथच्या कडेवर बसला. लोक त्याला वळसा घालून जात होते. "आणि ते मला 'बस' म्हणाले," तो म्हणाला.

तो पोलिसांकडे गेला. असं करणाऱ्याला आमच्या त्या जगात काय म्हणतात आणि त्याचं काय होतं, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. केस उभी राहिली. बाबांना चेहरे ओळखता आले नाहीत, चष्मा पहिल्या फटक्यातच गेला होता. उरला स्टॅन. आईबाबा आणि मी मागच्या बाकावर बसलो होतो. त्या पोरांच्या वकिलाने आवाज मुळीच चढवला नाही.

"मिस्टर, तुम्ही मारहाण पाहिलीत?"

"नाही. त्यांनी सांगितलेलं ऐकलं."

"दारूच्या गुत्त्यात."

"हो."

"तुम्ही स्वतः बरीच वर्षं स्किनहेड आहात?"

"हो. पण त्यांच्यातला नाही."

"ज्या गाण्याचा उल्लेख झाला, ते कुणी लिहिलं?"

"मी."

"'गाव आमचं' हे शब्द तुमचे?"

स्टॅन ज्यूरीकडे वळून बोलायला लागला, त्या आधी तीन ओळी आहेत, भट्टी आहे, धूर आहे. जज्जने त्याला विचारलं तेवढंच सांगायला सांगितलं. "हो," स्टॅन म्हणाला. "माझे."

वकील खाली बसला. ती पोरं सुटली. बाहेर पायऱ्यांवर बाबा स्टॅनचा हात धरून त्याला म्हणाले, "तू आलास, पुरे झालं." पुरे झालं नव्हतं, हे आम्हा सगळ्यांनाच कळत होतं. महिन्याभरात त्यांनी स्टॅनला गाठलं आणि त्याचा जबडा मोडला. डॉक्टरांनी तो तारांनी बांधला, आणि तारा काढल्यावरही तोंड पूर्ण उघडेना. बोलताना काहीतरी चावत असल्यासारखा बोलायचा. आई त्याला डाळभात मऊ करून द्यायची. तो खायचा, थँक यू म्हणायचा आणि जायचा. गॅरेजकडे बघतसुद्धा नसे.

मला सनीव्हेलला नोकरी लागली तेव्हा मी त्याला सांगायला गेलो. त्याच्या आईवडिलांचं घर विकलं गेलं होतं, ते त्याच्या मावशीकडे राहायला गेले होते आणि हा कुठे गाडीत, कुठे मित्राच्या सोफ्यावर. पेट्रोल पंपावर काम करत होता. केस कानांवर आले होते. कॅलिफोर्नियात ये, बघू काहीतरी, असं मी म्हणालो. मी मनापासून म्हणालो होतो. त्याने माझ्या गाडीची काच पुसत पुसत मान हलवली. "तिकडे जाऊन मी कोण असणार, मिल? इथे निदान कशाचा द्वेष करायचा ते माहीत आहे." मग म्हणाला, "तुझ्या वडिलांचा डोळा कसा आहे?"

"बरा आहे."

"खोटं बोलतोस," तो म्हणाला. आणि ते खरं होतं.

पुढच्या हिवाळ्यात हेक्टरचा फोन आला. कडाक्याच्या थंडीत स्टॅन दारू पिऊन गाडीत झोपला होता, तो उठलाच नाही. मी विमानाने आलो. बाबा म्हणाले, मीही येतो. त्यांना एकटं सोडून आई राहणार नव्हती, तिघंही गेलो. पोलिश चर्चला लागून असलेल्या एका खोलीत पेटी उघडी ठेवली होती. त्याच्या आईने केसांना पाणी लावून भांग पाडला होता. कधी न पाहिलेल्या माणसासारखा दिसत होता.

आम्ही बसलो आणि मग ते आले. आठ-नऊ जण, स्वच्छ पांढरे शर्ट, तासलेली डोकी. मागच्या भिंतीशी एका रांगेत उभे राहिले. त्यांच्यातला एक स्टॅनच्या आईपाशी जाऊन वाकून म्हणाला, "तो आमच्यातला होता, मॅम. त्याचं गाणं आम्ही सगळीकडे गातो." हे कोण, तिला काय माहीत? तिने त्याचा हात दोन्ही हातांत धरला आणि आभार मानले. माझ्या शेजारी बाबांचा श्वास बदलला. त्यांनी वळून पाहिलं नाही. आईने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तो तिथेच दाबून धरला. हेक्टर उठायला लागला, मी त्याला खाली ओढलं. मेलेल्या माणसासमोर, त्याच्या आईसमोर आम्ही काय करणार होतो?

प्रार्थना झाल्यावर स्टॅनचे वडील आमच्याजवळ आले. लहानखुरे, खांदे पडलेले, कोट दुसऱ्या कुणाचा तरी. त्यांनी मला आणि हेक्टरला नीट पाहून घेतलं.

"तुम्ही त्याच्या बँडमधले," ते म्हणाले. "मी कधी ऐकलाच नाही त्याला. रविवारी मी झोपायचो. नंतर झोपत नव्हतो, तरी गेलो नाही." ते खिशात रुमाल शोधत राहिले. "त्याला गाता यायचं?"

मी काही बोलायच्या आत हेक्टर म्हणाला, "नाही, सर. अजिबात नाही."

म्हातारा हसला. खरंच हसला, खांदे हलले, डोळ्यांत पाणी आलं. "मलाही तेच वाटायचं," ते म्हणाले. मग त्यांनी माझा दंड धरला. "मग लोक का यायचे?"

मी तोंड उघडलं. मागच्या भिंतीशी ती रांग अजून उभी होती, आणि म्हातारा माझ्या उत्तराची वाट पाहत होता.